एक नाव, दोन महाराण्या : रविवर्म्यांच्या चिमणाबाई-चित्राचा ऐतिहासिक अन्वय

राजा रविवर्मा यांनी काढलेले बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंचे तैलचित्र मराठी वाचकाला अपरिचित नाही. मराठी राजस्त्रीचे नेसण, अंगावरील अलंकार आणि समोर पाहणारा तरुण चेहरा या गोष्टी ग्रंथांतून, दिनदर्शिकांतून व प्रदर्शनांच्या पत्रिकांतून पुनःपुन्हा छापल्या गेल्या आहेत. चित्राखाली बहुधा एवढीच ओळ असते : ‘महाराणी चिमणाबाई’. वरवर पाहता या ओळीत काही उणे नाही. तथापि बडोद्याच्या इतिहासात महाराणी चिमणाबाई या एक नसून दोन आहेत. दोघीही सयाजीराव महाराज गायकवाड (तिसरे) यांच्या पत्नी होत्या आणि रविवर्म्यांच्या बडोद्यातील वास्तव्याशी दोघींचाही काळ जुळतो. त्यामुळे चित्राखालची ती ओळ ओळख पटवण्याऐवजी ओळख झाकते. या चित्राचा विचार आजवर प्रामुख्याने कलेच्या इतिहासात झाला आहे. ते ज्या व्यक्तीचे आहे त्या व्यक्तीच्या बाजूने त्याकडे पाहिले असता मराठी राजघराण्यांतील स्त्रियांच्या इतिहासलेखनाविषयी एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. राजस्त्रीचे नाव, तिचे दागिने आणि तिचे स्थान ही सारी तिच्या पदाची असतील, तर तिची स्वतःची म्हणून इतिहासाला कोणती गोष्ट उरते?

१. नाव आणि पद

विवाहानंतर वधूचे नाव बदलण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक समाजांत रूढ आहे. सामान्य घरात ही रीत कुटुंबापुरती असते. राजघराण्यात मात्र नव्या नावाला जवळजवळ पदवीचे स्वरूप येते. तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई यांचा विवाह ६ जानेवारी १८८० रोजी तरुण सयाजीरावांशी झाला आणि त्या ‘चिमणाबाई’ झाल्या. ७ मे १८८५ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय जेमतेम एकवीस वर्षांचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस, २८ डिसेंबर १८८५ रोजी, सयाजीरावांचा दुसरा विवाह देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई यांच्याशी झाला, आणि त्यांनाही ‘चिमणाबाई’ हेच नाव देण्यात आले.

आठ महिन्यांच्या आत एकच नाव एका स्त्रीकडून दुसरीकडे गेले. यात कोणाचा अनादर करण्याचा हेतू होता असे म्हणता येणार नाही. उलट, दिवंगत पत्नीचे नाव पुढे चालवणे ही तिच्या स्मृतीची जपणूकही समजली जाऊ शकते. परंतु इतिहासाच्या साधनांच्या दृष्टीने या रीतीचा परिणाम गंभीर आहे. १८८५ पूर्वीच्या कागदातील ‘महाराणी चिमणाबाई’ आणि नंतरच्या कागदातील ‘महाराणी चिमणाबाई’ या दोन भिन्न व्यक्ती आहेत. ज्या वस्तूवर तारीख नाही, तेथे केवळ नावावरून निर्णय करता येत नाही.

वास्तूंच्या बाबतीतही हीच अडचण येते. बडोद्यातील न्यायमंदिराची भव्य इमारत आणि रावपुऱ्यातील घड्याळाचा मनोरा ही १८९६ मधील बांधकामे पहिल्या चिमणाबाईंच्या स्मरणार्थ आहेत. पण १८९६ मध्ये राजवाड्यात दुसऱ्या चिमणाबाई महाराणी म्हणून विद्यमान होत्या. रस्त्यावरून जाणाऱ्या नागरिकाने त्या नावात हयात राणी पाहिली असेल, तर त्यात नवल नाही. पुढे १९१४ मध्ये स्थापन झालेले महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय दुसऱ्या महाराणींच्या नावाचे आहे. एकाच शहरात, एकाच नावाखाली, दोन स्त्रियांची स्मारके शेजारी शेजारी उभी राहिली, आणि काळाच्या ओघात त्यांच्यातील भेद पुसट झाला.

२. तंजावर, त्रावणकोर, बडोदे

या चित्राच्या निर्मितीमागील घटनाक्रम समजून घेण्यासाठी १८७५ हे वर्ष आधाराला घ्यावे लागते. बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करविल्याचा आरोप मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला. चौकशी आयोगातील भारतीय व युरोपीय सभासदांत एकमत होऊ शकले नाही, तरीही ब्रिटिश सरकारने कुशासनाचे कारण देऊन एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले. दिवंगत खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथील गायकवाड घराण्यातील गोपाळराव या मुलाला दत्तक घेतले. १८७५ मध्येच तो सयाजीराव या नावाने गादीवर आला. येथेही नामांतर आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. फरक इतकाच की ‘सयाजीराव’ या नावापुढे ‘तिसरे’ हा क्रमांक लागला, इतिहासाने तो कटाक्षाने सांभाळला आणि त्यामुळे या नावाचे तीन पुरुष कधी एकमेकांत मिसळले नाहीत. राण्यांच्या बाबतीत ही दक्षता सैलावली.

अल्पवयीन राजाच्या काळात राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडे आला. कुंभकोणम येथे १८२८ मध्ये जन्मलेले माधवराव हे दक्षिणेतील मराठीभाषक ब्राह्मण कुटुंबातील होते. बडोद्यास येण्यापूर्वी ते दीर्घकाळ त्रावणकोरचे आणि त्यानंतर इंदूरचे दिवाण होते. त्यांच्या चरित्रातील दोन धागे प्रस्तुत विषयाला थेट भिडतात. एक धागा तंजावर परिसरातील मराठी समाजाचा, ज्यातून ते स्वतः आले होते. दुसरा त्रावणकोरच्या दरबाराचा, जेथे रविवर्मा चित्रकार म्हणून घडले.

तंजावरचे मराठी राज्य सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी स्थापिले. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी हे पुत्रावाचून वारले आणि कंपनी सरकारने ते राज्य संपुष्टात आणले. राजांच्या पत्नी कामाक्षीबाई यांनी खासगी मालमत्तेसाठी कंपनीविरुद्ध दाद मागितली. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ही जप्ती म्हणजे सार्वभौम सत्तेची राजकीय कृती असून न्यायालयाच्या कक्षेबाहेरची आहे असा निर्णय दिला. तो खटला आजही कायद्याच्या अभ्यासात उद्धृत होतो. राज्य गेले, तरी तंजावरची मराठी घराणी, त्यांची विद्या, त्यांचे संगीत आणि त्यांची सोयरिकीची प्रतिष्ठा शिल्लक होती. अशा संपलेल्या राज्याच्या परिवारातून एक मुलगी १८८० मध्ये हयात असलेल्या मराठी राज्याची राणी झाली. तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी व वादकांचा ताफा बडोद्यास आला. पश्चिम भारतात दक्षिणी नृत्यपरंपरेचे जे रोपण झाले, त्याचा आरंभ या विवाहाशी जोडला जातो. महाराणी स्वतः कर्नाटक संगीत व नृत्य जाणत होत्या, अशी परंपरा सांगते.

दुसरा धागा चित्रकाराचा. २९ एप्रिल १८४८ रोजी किळीमानूर येथे जन्मलेले रविवर्मा वयाच्या चौदाव्या वर्षी आयिल्यम तिरुनाळ महाराजांच्या आश्रयाने तिरुवनंतपुरमच्या राजवाड्यात आले. तैलरंगाचे तंत्र त्यांनी कोणत्याही कलाशाळेत न जाता निरीक्षणाने व सरावाने आत्मसात केले. १८६८ मध्ये त्रावणकोरला आलेले युरोपीय चित्रकार थिओडोर जेन्सन यांचे काम पाहण्याची संधी त्यांना मिळाली होती. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात त्यांच्या नायर स्त्रीच्या चित्राला पारितोषिक मिळाले. माधवरावांचा त्रावणकोरशी असलेला जुना संबंध त्यांच्या बडोद्यातील प्रवेशाला उपयोगी पडला. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. त्या समारंभाच्या सुमारास रविवर्मा बडोद्यास आले आणि तेथे काही महिने राहून त्यांनी राजपरिवाराची व्यक्तिचित्रे केली. चिमणाबाईंचे चित्र याच पहिल्या मुक्कामाशी जोडले जाते.

म्हणजे तंजावरची मुलगी, त्रावणकोरचा चित्रकार आणि या दोन्ही ठिकाणांशी नाते असलेला मराठीभाषक दिवाण अशा तिघांच्या वाटा बडोद्यात एकत्र आल्या. ‘बृहन्महाराष्ट्र’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी मराठी सत्तेची व मराठी समाजाची दूरवर विखुरलेली केंद्रे परस्परांशी माणसे, विद्या व कला यांची देवघेव करीत होती. हे चित्र त्या देवघेवीचा पुरावा आहे. आज ते गुजरातेत असल्यामुळे, केरळच्या चित्रकाराचे असल्यामुळे आणि तंजावरच्या कन्येचे असल्यामुळे महाराष्ट्राच्या इतिहासात त्याला हक्काची जागा मिळत नाही, हा त्या व्यापक मराठी विश्वाच्या विस्मृतीचा एक भाग आहे.

३. सादृश्याचा दावा

राजस्त्रीचे चित्र काढणे ही भारतीय दरबारांना नवी गोष्ट नव्हती. मोगल आणि राजपूत लघुचित्रांत राण्या व बेगमा विपुल आढळतात. परंतु पडद्याच्या चालीमुळे चित्रकाराला त्या क्वचितच प्रत्यक्ष दिसत. त्यामुळे अशी बहुतेक चित्रे विशिष्ट स्त्रीची नसून उत्तम राजस्त्री कशी असावी याच्या कल्पनेची असतात. तोच कमानदार डोळा, तेच सरळ नाक, हाती तेच फूल असा साचा पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतो. प्राचीन चित्रशास्त्राने षडंगांत ‘सादृश्य’ हे एक अंग सांगितले आहे खरे, परंतु त्या सादृश्याचा रोख रूढ उपमानांकडे अधिक आणि व्यक्तीच्या हुबेहूबपणाकडे कमी आहे. डोळा मीनासारखा असला की चित्रकाराचे काम साधले. तो कोणाचा डोळा आहे, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

तैलरंगातील व्यक्तिचित्राने हा क्रम उलटा केला. प्रकाश एका बाजूने येतो, वस्त्राला वजन असते, त्वचेला छाया असते, आणि चेहरा कोणाचा तरी असावाच लागतो. रविवर्म्यांच्या कीर्तीचा पायाच हा होता. तंजावरहून आलेल्या राणीच्या संदर्भात यातील विरोध अधिक ठळक होतो. तंजावर शैलीच्या चित्रांत सोन्याचा वर्ख चिकटवतात आणि रंगीत खडे बसवतात. तेथे चित्रातील सोने हे खरोखर सोनेच असते. रविवर्म्यांच्या फलकावर सोन्याचा कण नसतो. पिवळा, तपकिरी व पांढरा रंग योग्य जागी ठेवून ते सोन्यावर पडलेला प्रकाश रंगवतात. पहिल्या पद्धतीत अलंकार मूर्तीला ऐश्वर्य देतो, तर दुसरीत तो एका देहावर, एका क्षणी, एका उजेडात विसावलेला दिसतो. मूर्तीकडून माणसाकडे झालेले हे स्थित्यंतर आहे.

या स्थित्यंतराला सामाजिक बाजूही होती. रविवर्मा ज्या मातृवंशीय राजकुलांत वाढले, तेथे स्त्रियांचा वावर तुलनेने मोकळा होता. त्यांच्या पत्नी भागीरथी या मावेलिकराच्या राजकुलातील होत्या आणि भागीरथींच्या बहिणी त्रावणकोरच्या राण्या म्हणून दत्तक गेल्या होत्या. तेथील राजस्त्रियांची चित्रे काढताना चित्रकार एका अर्थी आप्तांची चित्रे काढीत होता. बडोद्यात तो परका होता आणि तेथील राजस्त्रिया पडद्याची चाल पाळीत होत्या. परपुरुषाच्या नजरेपासून जी जपायची, तिचाच चेहरा परपुरुषाच्या हातून सादृश्याने उतरवून राजवाड्याच्या भिंतीवर लावायचा, हा निर्णय लहान नव्हता. पडदा मोडण्याची घोषणा न करताही पडद्याच्या मूळ कल्पनेला त्याने तडा दिला. दुसऱ्या चिमणाबाईंनी १९१४ मध्ये पतीसमवेत जाहीर समारंभात पडद्याविना उपस्थित राहून त्या चालीचा उघड त्याग केला. ही घटना सामाजिक सुधारणेच्या इतिहासात नोंदली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्या तीन दशके आधी एका चित्रफलकाने जे शांतपणे केले होते, त्याची नोंदही तिच्या शेजारी व्हावयास हवी.

दरबाराच्या दृष्टीने या चित्रांचे प्रयोजन वेगळे होते. मल्हाररावांच्या पदच्युतीनंतर बडोद्याला आपले राज्य सुव्यवस्थित, सुसंस्कृत व स्थिर आहे हे ब्रिटिश सत्तेपुढे सतत सिद्ध करावे लागत होते. १८७७ च्या दिल्ली दरबारात बालवयीन सयाजीराव उपस्थित होते. राणी व्हिक्टोरिया व तिच्या परिवाराची तैलचित्रे तेव्हा साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांत सत्तेचा चेहरा म्हणून मिरवत होती. राजा आणि राणी यांची जोडीने काढलेली तैलचित्रे ही त्याच भाषेतील उत्तरे होत. राणीच्या अंगावरील दागिनेही केवळ तिचे नव्हते. खंडेरावांच्या काळापासून बडोद्याचा जामदारखाना हिरेमोत्यांसाठी विख्यात होता. चित्रातील अलंकार हे राज्याच्या तिजोरीचे प्रदर्शन होते, आणि राणी गेली तरी ते पुढच्या राणीसाठी जामदारखान्यात परत जाणार होते.

नाव पुढच्या राणीकडे गेले. दागिने गेले, स्थान गेले. या मालिकेत एकच गोष्ट पुढे देता येण्याजोगी नव्हती, आणि ती म्हणजे चेहरा. सादृश्याच्या चित्रपद्धतीने लक्ष्मीबाई मोहिते यांच्यासाठी नेमके हे केले. जे पदाचे नव्हते, तेवढे वेगळे काढून टिकवले. चित्राचे ऐतिहासिक मोल येथे आहे.

४. चुकीच्या नावाची किंमत

चित्राखालील ओळीला एवढे महत्त्व का द्यावे, अशी शंका येऊ शकते. म्हैसूरच्या एका उदाहरणाने ती दूर व्हावी. आयरिश चित्रकार थॉमस हिकी यांनी १८०५ च्या सुमारास काढलेल्या तीन स्त्रियांच्या चित्रात नर्तकी किंवा गणिका आहेत, असे दीर्घकाळ मानले जात होते. २००१ मध्ये इतिहासकार नायजेल चॅन्सलर यांनी, त्या म्हैसूरच्या वोडेयार राजकुलातील स्त्रिया असून चित्राचा संबंध देवीच्या लसीकरणाच्या प्रसाराशी आहे, असे प्रतिपादन केले. एका राणीच्या दंडावरून बाजूस सारलेले वस्त्र लस टोचल्याची जागा दाखवते, असा त्यांचा अर्थ आहे. स्त्रियांची ओळख बदलताच चित्राचा विषय, त्यातील हावभाव आणि त्याचे राजकीय प्रयोजन सारेच बदलले. जी मुद्रा शृंगाराची वाटत होती, ती प्रजेला दिलेला आरोग्याचा संदेश ठरली.

चिमणाबाईंच्या बाबतीत ओळख चुकली तर काय होते, हे यावरून ताडता येते. दुसऱ्या चिमणाबाई या विसाव्या शतकातील सार्वजनिक जीवनाच्या अग्रभागी असलेल्या स्त्री होत्या. सि. मो. मित्र यांच्यासमवेत त्यांनी भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्ष होत्या. त्यांच्या कन्या इंदिराराजे कूचबिहारच्या महाराणी झाल्या. १९५८ मध्ये त्या निवर्तल्या, तोवर त्यांची छायाचित्रे, भाषणे व लेखन विपुल प्रमाणात जमा झाले होते. अशा कर्तृत्ववान स्त्रीचे नाव पाहताच वाचकाच्या मनात तिचीच प्रतिमा उभी राहते, आणि पहिल्या राणीचे चित्रही नकळत तिच्या खात्यावर जमा होते. दुसऱ्या चिमणाबाईंना त्या चित्राची गरज नाही. पहिल्या चिमणाबाईंकडून ते काढून घेतले, तर त्यांच्यापाशी फारच थोडे उरते.

याउलट चूकही संभवते. चित्रातील तरुण चेहऱ्यात पुढील काळातील सुधारक राणीचे निर्धारी डोळे किंवा पडदा झुगारणारी नजर शोधण्याचा मोह होतो. पण ही नजर ज्या स्त्रीची आहे, तिच्या वाट्याला बडोद्यात पाचच वर्षे आली. या काळात तिला तीन अपत्ये झाली. त्यांपैकी युवराज फत्तेसिंहराव १८८३ मध्ये जन्मले आणि १९०८ मध्ये, पंचविशीतच, वारले. त्याच वर्षी जन्मलेले फत्तेसिंहरावांचे पुत्र प्रतापसिंहराव १९३९ मध्ये सयाजीरावांनंतर गादीवर आले. म्हणजे बडोद्याचा पुढील राजवंश पहिल्या चिमणाबाईंचा आहे. वंशावळीत ज्या स्त्रीचे स्थान एवढे निर्णायक आहे, तिचा आवाज मात्र कागदोपत्री जवळजवळ उमटलेला नाही. तिच्या संगीताचाही चित्रात मागमूस नाही. दरबाराला हवी होती ती राणी, गाणारी स्त्री नव्हे. चित्र जेवढे दाखवते तेवढेच ते झाकतेही, याचे भान सुटता कामा नये.

५. चित्राचा प्रसार आणि मराठी स्त्रीची प्रतिमा

१८८८ नंतर रविवर्म्यांनी बडोद्यासाठी चौदा पौराणिक चित्रांची मालिका केली. ती चित्रे राजवाड्यात लागण्यापूर्वी लोकांना पाहावयास ठेवण्यात आली व त्यांना मोठी गर्दी लोटली. १८९४ मध्ये मुंबईत त्यांचा शिळाछापखाना सुरू झाला. तो पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे नेण्यात आला आणि काही वर्षांत जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे गेला. त्या छापखान्यातून निघालेल्या देवदेवतांच्या चित्रांनी घराघरांतील देव्हारे व भिंती भरून गेल्या. रविवर्म्यांच्या अनेक नायिका मराठी धाटणीची नऊवारी नेसलेल्या आहेत. दक्षिणेतील चित्रकाराने पुराणांतील स्त्रियांना हे नेसण द्यावे, यामागे बडोदे व मुंबई येथील त्याचे वास्तव्य आणि तेथे पाहिलेल्या मराठी स्त्रिया हे एक महत्त्वाचे कारण होते.

या प्रक्रियेत एक उलटापालट घडली. चिमणाबाईंच्या चित्रात साच्यातून व्यक्ती बाहेर आली होती. छापील चित्रांत व्यक्तीचे नेसण व ठेवण पुन्हा साच्यात गेली, आणि या वेळी तो साचा लाखो घरांत पोचला. नंतरच्या प्रेक्षकाला चिमणाबाईंचे चित्र पाहताना ‘रविवर्म्यांची बाई’ आधी दिसते, लक्ष्मीबाई मोहिते नंतर दिसते किंवा दिसतच नाही. नाव एका राणीने झाकले, आणि चेहरा त्याच चित्रकाराच्या लोकप्रियतेने. आज लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्यांची बडोद्यातील व्यक्तिचित्रे व पौराणिक चित्रे एकत्र पाहावयास मिळतात. तेथे ही दोन प्रकारची चित्रे निरनिराळ्या प्रश्नांसह पाहणे अगत्याचे ठरते.

६. ज्यांना चेहरा मिळाला नाही

राजस्त्रीचा चेहरा इतिहासाला मिळण्यासाठी चित्रकाराचे कौशल्य पुरेसे नव्हते. राज्य टिकलेले असावे लागत होते. नागपूरकर भोसल्यांच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते. त्यांच्या सत्तेखालील छत्तीसगडात बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपूर येथे राहून कारभार पाहत होते. १७८७ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचा रतनपूरच्या कारभारावर प्रभाव राहिला. नागपुरात दुसऱ्या रघूजींच्या पत्नी बाकाबाई यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दरबारात दीर्घकाळ वजन राखले. कर्तृत्वाच्या मापाने पाहिले तर या दोघी पहिल्या चिमणाबाईंहून कितीतरी अधिक ‘ऐतिहासिक’ ठरतात.

परंतु १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि पुढील वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. राजवाड्यातील जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन लिलावात विकण्यात आले. राजस्त्रियांनी याला विरोध केला, पण तो चालला नाही. बडोद्याच्या जामदारखान्यातील अलंकार ज्या वर्षांत राणीच्या अंगावर रंगवले गेले, त्याच्या पाव शतक आधीच नागपूरचे अलंकार बाजारात गेले होते. रविवर्म्यांसारख्या चित्रकाराला आमंत्रण देणारा दरबार तेथे उरला नव्हता. छत्तीसगडातील मराठी समाजही दरबाराच्या आधाराविना, नोकरी, शिक्षण व संस्था यांच्या बळावर पुढे टिकून राहिला. रायपूरच्या चौबे कॉलोनीतील महाराष्ट्र मंडळ हे त्या टिकून राहण्याचे आजचे रूप आहे. येथील मराठी स्मृतीला राजवाडा वा चित्रदालन यांचा वारसा मिळाला नाही. ती भाषा, सण आणि संस्था यांतून वाहिली. बडोद्याची राणी सर्वांना माहीत असावी आणि रतनपूरची आनंदीबाई अभ्यासकांपुरती राहावी, यामागे त्या दोन स्त्रियांच्या योग्यतेचा फरक नाही. कोणते राज्य लॉर्ड डलहौसीच्या धोरणातून वाचले, याचा तो परिणाम आहे.

म्हणून चित्र उपलब्ध असणे हा स्वतःच एक ऐतिहासिक अपघात मानला पाहिजे. चित्रांच्या आधारे मराठी राजस्त्रियांचा इतिहास लिहू जाता, तो टिकलेल्या संस्थानांचा इतिहास होऊन बसण्याचा धोका आहे. तंजावरच्या कामाक्षीबाई न्यायनिर्णयात, नागपूरच्या बाकाबाई कंपनीच्या पत्रव्यवहारात आणि बडोद्याच्या लक्ष्मीबाई चित्रफलकावर भेटतात. ही तिन्ही साधने एकत्र वाचली, तरच त्या वर्गातील स्त्रियांचे जीवन आकाराला येईल.

७. समारोप

एकंदर विवेचनावरून दोन गोष्टी पुढे येतात. पहिली पद्धतीविषयी आहे. रविवर्म्यांच्या चिमणाबाई-चित्रांचा उल्लेख करताना केवळ विवाहोत्तर नाव देणे अपुरे आहे. ‘महाराणी चिमणाबाई (पहिल्या), माहेरच्या लक्ष्मीबाई मोहिते, तंजावर’ आणि ‘महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या), माहेरच्या गजराबाई घाटगे, देवास’ अशी पूर्ण नोंद ग्रंथांत, सूचींत व प्रदर्शनांत रूढ झाली पाहिजे. राजांना लावला जाणारा क्रमांक राण्यांनाही लावणे ही मामुली दुरुस्ती वाटेल. परंतु माहेरच्या नावासह तो लावला, की तंजावर व देवास ही केंद्रे आपोआप नकाशावर येतात आणि बडोद्याचा इतिहास एका दरबाराचा न राहता मराठी घराण्यांच्या व्यापक जाळ्याचा होतो.

दुसरी गोष्ट अर्थनिर्णयाविषयी आहे. हे चित्र राणीच्या ऐश्वर्याचे म्हणून पाहिले जाते. त्यातील ऐश्वर्य मात्र राज्याचे होते आणि ते राज्याकडेच परत गेले. उरला तो एका एकवीस वर्षांच्या आयुष्याचा चेहरा. तिने ग्रंथ लिहिला नाही, अधिवेशन गाजवले नाही. पाच वर्षे ती एका परक्या प्रांतात मराठी राणी म्हणून राहिली, आपल्याबरोबर दक्षिणेचे संगीत घेऊन आली, वंश देऊन गेली. तिचे नाव दुसरीला दिले गेले. चित्रकाराने केलेल्या सादृश्याच्या दाव्यावर विश्वास ठेवून हा चेहरा तिच्याच नावाने ओळखणे, एवढे ऋण इतिहासलेखनाकडे बाकी आहे.